प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हणजे कोंबडीच्या पोटातलं नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि घरच्या खळ्यात गावठी कोंबड्या पाळते. त्यामुळे माझ्याकडे प्रश्न तीन वाटांनी येतात. विद्यार्थी पुस्तकातला शब्द घेऊन येतात, वाडीतल्या बायका आजारी कोंबडी घेऊन येतात आणि पक्षी बघायला हिंडणारी मंडळी फोटो पाठवतात. तिघांच्याही प्रश्नांत प्रोव्हेन्ट्रिक्युलस कुठे ना कुठे सापडतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर सांगितली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हणजे काय? आधी थोडक्यात सांगा.

पक्ष्याची अन्ननलिका संपते आणि पेठा सुरू होतो, त्या दोहोंमधला मऊ, फिकट, लांबट भाग म्हणजे प्रोव्हेन्ट्रिक्युलस. हे पक्ष्याचं पहिलं जठर. अन्नावर आम्ल आणि पाचकरस इथे पडतात. दळायचं काम पुढच्या जठराचं, म्हणजे पेठ्याचं.

२. एवढा अवघड शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. 'व्हेन्टर' म्हणजे पोट, 'व्हेन्ट्रिक्युलस' म्हणजे छोटं पोट आणि 'प्रो' म्हणजे आधीचं. छोट्या पोटाच्या आधीचं ते प्रोव्हेन्ट्रिक्युलस. हृदयाच्या धड्यात व्हेंट्रिकल येतं, तेही याच घराण्यातलं. शास्त्राच्या भाषेत पेठा हाच व्हेन्ट्रिक्युलस, म्हणून दोन्ही नावं एकत्र लक्षात ठेवली की क्रमही लक्षात राहतो: आधी 'प्रो'वाला, मग साधा.

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पेठ्याला गिझर्ड हा शब्द आहे, पण प्रोव्हेन्ट्रिक्युलस हा नाही. तेव्हा शब्द तोंडात बसत नाही म्हणून कुणी संकोचू नये. प्रो-व्हेन-ट्रिक-यु-लस असा तोडून दोनदा म्हणा, तिसऱ्यांदा आपोआप येतो.

३. मराठीत याला काय म्हणतात?

पुस्तकी मराठीत ग्रंथिल जठर, म्हणजे ग्रंथी असलेलं जठर. त्याच्या आधीची गळ्याखालची पिशवी ती अन्नपुट, आणि पुढचा पेठा ती पेषणी. दुकानात 'कलेजी-पेठा' मागतो त्यातला पेठा तोच. कुणी पेटा असंही म्हणतं.

फारसीत पेठ्याला संगदान म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो. संग म्हणजे दगड, दान म्हणजे ठेवायची जागा. आपल्या अत्तरदाणी-फुलदाणीतली 'दाणी' तीच. दगड ठेवायची जागा! ज्यानं हे नाव दिलं त्यानं कोंबडी स्वतः कापून पाहिली असणार.

ग्रंथिल जठराला मात्र बोलीतलं नाव मी अजून ऐकलेलं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, तर त्या बोट लावून दाखवतात आणि 'ह्या? ह्या टाकूचा' म्हणतात. पेठा खातात म्हणून त्याला नाव मिळालं. हा भाग आतड्यांबरोबर फेकला जातो, म्हणून तो बिननावाचा राहिला.

४. कोंबडी साफ करताना तो कुठे दिसेल? मला दरवेळी नुसता पेठाच सापडतो.

राखणेचा (गावच्या राखणदार देवाला द्यायचा) कोंबडा साफ करायला घेतात तेव्हा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावते. पाहायचं असं.

पोट उघडल्यावर आधी काळीज, म्हणजे यकृत, वर उचलायचं. त्याला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं मटण कडू. काळजाखाली डावीकडे पेठा हाताला लागतो: गडद लाल, चपटा, घट्ट, दोन्ही अंगांना चांदीसारखी चकाकणारी टिकली. ती टिकली म्हणजे स्नायूंचे कंडरे एकत्र येतात ती जागा. आता पेठा हातात धरून डोक्याच्या दिशेने बोट सरकवा. लगेच एक मऊ, फिकट गुलाबी, थोडा फुगीर भाग लागेल, चार-पाच सेंटिमीटरचा. अन्ननलिकेपेक्षा जाड, पेठ्यापेक्षा खूपच मऊ. तोच प्रोव्हेन्ट्रिक्युलस. खात्री करायची असेल तर शेजारी पाहा, पेठा आणि तो जिथे जोडलेले आहेत तिथे बोरासारखी गोल, तांबूस-तपकिरी गोळी असते. ती प्लीहा.

आता तो सुरीने उभा चिरा आणि पाण्याखाली धुवा. आतून पाहिल्यावर पोरं गप्प होतात. सगळ्या अस्तरावर बारीक बारीक पुटकुळ्या, पिकलेल्या फणसाच्या सालीवरच्या काट्यांसारख्या ओळीने, पण मऊ. प्रत्येक पुटकुळीच्या टोकाला एक सूक्ष्म छिद्र असतं आणि आम्लाचा रस तिथून झिरपतो. भिंग नसलं तरी पुटकुळ्या दिसतात. चिरलेल्या कडेकडे नीट पाहिलंत तर भिंत जाड का आहे तेही कळतं: ती सगळी ग्रंथींनीच भरलेली असते.

५. आधी आम्ल आणि मग दळण, हे उलटं नाही का? आपण आधी चावतो.

आपल्याला दात तोंडात आहेत. पक्ष्याला दात नाहीत, त्याची दाढ पोटात आहे. उडणाऱ्या प्राण्याला जड जबडा डोक्याकडे ठेवण्यापेक्षा वजन शरीराच्या मध्याशी असलेलं सोयीचं, असं त्याचं एक कारण दिलं जातं.

पण 'आधी आम्ल मग दळण' हेही अर्धंच खरं. भात-नाचणीचा दाणा ग्रंथिल जठरात फार वेळ थांबत नाही. आम्ल आणि पेप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचं कच्चं रूप) अंगावर घेऊन तो पेठ्यात उतरतो. तिथे दळला जातो, थोडा परत मागे ग्रंथिल जठरात ढकलला जातो, पुन्हा रस घेतो, पुन्हा पुढे येतो. दाण्याची ही ये-जा होते, म्हणून दोन जठरं वेगळी असली तरी एका जात्याच्या दोन तळ्यांसारखी मिळून काम करतात. पेठा मिनिटाला दोन-तीनदा आकुंचन पावतो. रात्री निवांत असताना कोंबडी कानाशी धरली तर आतली खडखड ऐकू येऊ शकते.

बारावीच्या मुलांसाठी एक गोष्ट. माणसाच्या जठरात आम्ल एका प्रकारच्या पेशी करतात आणि पेप्सिनोजेन दुसऱ्या. पक्ष्यात दोन्ही कामं एकाच पेशीकडे आहेत.

६. पेठ्याच्या आतली पिवळी साल का सोलून टाकतात?

ती साल मांस नव्हे, कवच आहे. पेठ्यातल्या ग्रंथी एक द्रव पाझरवतात, तो आम्लात घट्ट होतो आणि त्याची चामड्यासारखी साल बनते. तिचं नाव कोइलिन. खड्यांच्या घासण्यापासून आणि आम्लापासून ती स्नायूला वाचवते. झिजते तशी खालून नवी येत राहते. पिवळा-हिरवा रंग पित्ताचा; ते आतड्यातून थोडं मागे येतं. शिजवून ती मऊ होत नाही, म्हणून सोलायची. पेठा चिरून, धुऊन, नखाने एक कड सुटवली की अख्खी साल एका ओढीत निघते.

७. माझ्या कोंबड्या खडे खातात. आवरू का?

आवरू नका. तेच त्यांचे दात. चिऱ्याच्या खाणीजवळचे जांभ्याचे टणक कण, पायवाटेवरची बारीक खडी, ओढ्यातली गारगोटी, यांतलं जे मिळेल ते त्या टिपतात. मोकळी हिंडणारी गावठी कोंबडी आपली सोय आपण पाहते. पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या शेडमध्ये ठेवलेल्यांना मात्र अख्खे दाणे घालत असाल, तर वेगळ्या भांड्यात खडी द्यायला हवी.

खडी कशाची, हे महत्त्वाचं. इथे दोन वस्तूंची गल्लत होते. गारगोटीचे, सिलिकाचे खडे आम्लात विरघळत नाहीत, म्हणून ते पेठ्यात बराच काळ टिकतात आणि दळतात. तिसऱ्या (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) आणि कालवं यांचे शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे, ते ग्रंथिल जठराच्या आम्लात विरघळून जातात. दळायला त्यांचा उपयोग थोडा, पण अंड्याच्या कवचासाठी मोठा, कारण एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला दोन्ही हवेत. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले उकळून, वाळवून, कुटून ठेवा आणि खडीपासून वेगळे मांडा. कोंबडीला ज्याची गरज असते त्याच भांड्याकडे ती जाते.

किनाऱ्यावरच्या वाळूविषयीही विचारतात. खारी वाळू थेट घालू नका. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन चालेल, पण ती बहुधा फार बारीक असते आणि टिकत नाही.

८. लहान पिल्लांनाही खडी लागते का?

तयार भरडा खात असतील तर नाही. कण्या किंवा अख्खे दाणे सुरू केलेत की रव्यापेक्षा जराशी जाड खडी चिमूटभर द्या.

९. संध्याकाळी कोंबडीचा गळा एका बाजूला फुगतो. आजार आहे का?

बहुतेकदा नाही. ते भरलेलं अन्नपुट आहे. खुराड्यात जाण्याआधी कोंबडी जेवढं मावेल तेवढं टिपून घेते आणि रात्रभर त्यातून थोडं थोडं खाली सोडते. रात्रीच्या उपाशी तासांची ती शिदोरी. पहाटे खुराडं उघडण्याआधी हात लावून पाहा. पिशवी रिकामी, सपाट झालेली असली पाहिजे.

सकाळीही ती भरलेली असेल तर दोन शक्यता असतात. हाताला घट्ट गोळा लागला तर लांब गवत, काथ्या, प्लॅस्टिकची दोरी असं काही अडकलेलं असतं. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढून अन्न आंबलेलं असतं. घट्ट गोळ्याला अन्न बंद करून पाणी ठेवावं, हलक्या हाताने चोळावं, आणि एका दिवसात फरक नसेल तर पशुवैद्यकाकडे न्यावं. आंबलेल्या पिशवीला औषध लागतं, ते त्यांनीच द्यायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कोंबडीला उलटं धरून पिशवी पिळू नका. मी ते केलं आहे. काळ्या पिसांची, लाल भडक तुऱ्याची माझी एक कोंबडी होती. मी तिला तेल पाजलं, उलटं केलं आणि चोळलं. आतलं पाणी श्वासनलिकेत गेलं आणि माझ्या हातातच तिनं मान टाकली. तिचा आजार बरा होण्यासारखा होता.

१०. मेलेल्या कोंबडीच्या पोटात रक्ताचे ठिपके होते. ही मानमोडी का?

असू शकते. मानमोडी म्हणजेच राणीखेत. इंग्लंडातल्या न्यूकॅसलला १९२६ साली हा रोग नोंदला गेला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात. आपल्याकडे उत्तराखंडातल्या राणीखेत गावाच्या नावाने तो ओळखीचा झाला. त्याच्या तीव्र प्रकारात प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या पुटकुळ्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके येतात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर ग्रंथिल जठर आवर्जून उघडून पाहतात ते यासाठी.

पण ठिपक्यांवरून घरच्या घरी निदान करू नका. गमबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगात ग्रंथिल जठर आणि पेठा यांच्या सांध्यावर रक्ताची पट्टी दिसू शकते, आणि बर्ड फ्लूमध्येही या भागात रक्तस्राव होतो. बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो. महाराष्ट्रात २००६ साली नवापूरला तो आला तेव्हा देशातली ती पहिलीच साथ होती. म्हणून एकामागोमाग कोंबड्या मरत असतील तर एकही उघडू नका, उघड्या हाताने उचलू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा खाडीत टाकणं तर सगळ्यात वाईट.

मानमोडीला औषध नाही, लस आहे. लासोटा किंवा एफ-वन पिल्लांना पहिल्या आठवड्यात देतात, आर-टू-बी साधारण आठव्या आठवड्यात. गावात सगळ्यांनी एकाच दिवशी करून घेतली तर कुपीही वाया जात नाही.

११. पाळीव मकाव विष्ठेतून अख्खे दाणे टाकतोय. पेठा बिघडला का?

बिघाड बहुधा पेठ्याच्या एक पायरी आधी आहे. पोपटांच्या वर्गात एक विषाणू ग्रंथिल जठराच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. जठर ढिलं पडून फुगतं, अन्न पुढे ढकललं जात नाही, आणि जे जातं ते न पचता जातं. पक्षी भरपूर खातो आणि तरी सुकत जातो. हा आजार १९७० च्या दशकाच्या अखेरीस मकावमध्ये लक्षात आला, त्यामागचा बोर्नाव्हायरस २००८ साली सापडला. तातडीने पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि बाकीचे पक्षी वेगळे ठेवा.

प्रश्न आपल्या हिरव्या पोपटाविषयी असेल तर आधी हे वाचा: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळणं गुन्हा आहे. वन विभागाकडे द्या.

१२. बाई, पुस्तकात झुरळाच्या पेषणीलाच प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हटलंय. मग तुम्ही चूक की पुस्तक?

दोघंही बरोबर आहोत. दरवर्षी सगळ्यात जास्त गुण याच ठिकाणी जातात, म्हणून सावकाश वाचा.

कीटकात आणि पक्ष्यात एकच नाव दोन वेगळ्या अवयवांना दिलं आहे. झुरळाचा प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हणजेच त्याची पेषणी. आत कायटिनचे (कीटकाचं कवच ज्याचं असतं त्या पदार्थाचे) सहा दात, काम दळण्याचं, तिथे पाचकरसाच्या ग्रंथी नाहीत. पक्ष्याचा प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हणजे ग्रंथींचं जठर. दळण त्याच्या पुढे, पेठ्यात. नाव सारखं पडलं ते जागेवरून. मुख्य पोटाच्या आधी जे आहे ते 'प्रो'. काम काय, याचा नावाशी संबंध नाही. मधमाशीत तर हाच भाग झडपेचं काम करतो, पोटातला मध पुढे पचनाला जाऊ न देता पोळ्यापर्यंत राखून ठेवतो.

परीक्षेत प्रश्नातला प्राणी कोणता, तो आधी पाहा. झुरळ असेल तर 'पेषणी', कबुतर किंवा कोंबडी असेल तर 'ग्रंथिल जठर'. गांडुळालाही पेषणी असते, पण तिला कुणी प्रोव्हेन्ट्रिक्युलस म्हणत नाही.

१३. मांगराच्या आढ्याखाली केसांच्या आणि हाडांच्या करड्या गोळ्या पडतात. ही घुबडाची विष्ठा का?

विष्ठा नव्हे, उलटून टाकलेली गोळी आहे. आढ्यावर गव्हाणी घुबड बसत असणार. ते उंदीर अख्खा गिळतं. त्याला अन्नपुट नसतं, उंदीर सरळ ग्रंथिल जठरात जातो. मांस विरघळतं, पण हाडं आणि केस पेठ्यातून पुढे सुटत नाहीत. पेठा त्यांची दाबून गोळी करतो, ती मागे ग्रंथिल जठरात येऊन थांबते आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे टाकतं. गोळी आत असेपर्यंत पुढच्या जेवणाची वाट अडलेली असते.

कोमट पाण्यात भिजवून दाभणाने सोडवा. उंदराची कवटी, नारिंगी दात, फासळ्या सुट्या मिळतात. आमच्या शाळेच्या कपाटात अशाच जुळवलेल्या कवट्या आहेत. एकेका गोळीत दोन-तीन उंदीर निघतात, आणि ते उंदीर आपल्या नारळा-सुपारीच्या बागेतले असतात. घुबड घराशी बसलं तर अपशकुन म्हणून त्याला हाकलणाऱ्यांना मी ही गोळीच हातात देते.

१४. मग घारीच्या गोळीत हाडं का नसतात?

घारी-गरुडांचं आम्ल घुबडापेक्षा तिखट असतं, त्यात हाडंही बरीचशी विरघळतात. उरतात ते केस, पिसं, खवले.

याच स्वभावाचा उपयोग करून माणसाला जठराचं कोडं सुटलं. फ्रान्समधल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७५२ साली घारीच्या जातकुळीतल्या एका पाळलेल्या शिकारी पक्ष्याला दोन्ही टोकं जाळीने बांधलेल्या धातूच्या नळीत मांस घालून गिळायला लावलं. न पचणारी वस्तू पक्षी उलटून टाकणारच, हे त्याला ठाऊक होतं. नळी परत आली तेव्हा ती जशीच्या तशी होती आणि आतलं मांस मात्र विरघळू लागलं होतं. म्हणजे पचन फक्त दळण्याने होत नाही, रसानेही होतं. पुढे नळीत स्पंज घालून त्याने तो रसच बाहेर काढला. तो रस ग्रंथिल जठराचा होता. जठररसातलं आम्ल हायड्रोक्लोरिक आहे हे विल्यम प्राउट या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये दाखवलं आणि त्यातलं पेप्सिन थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये शोधलं.

बंदरावर लिलाव संपल्यावर फेकलेल्या मासळीवर ब्राह्मणी घारी उतरतात तेव्हा खाऊन झाल्यावर त्यांच्या छातीवर फुगा दिसतो. तो अन्नपुटाचा, जठराचा नव्हे.

१५. कबुतराचं दूध आणि फ्लेमिंगोचं दूध या जठरातून येतं का?

नाही. कबुतराचं दूध अन्नपुटाच्या अस्तराच्या पेशी सुटून तयार होतं, नर आणि मादी दोघंही ते भरवतात. ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे सुरू होतं, आणि १९३० च्या दशकात प्रोलॅक्टिन ओळखलं गेलं ते कबुतराचं अन्नपुट जाड होतं का हे पाहूनच. फ्लेमिंगोचं दूध तांबडं असतं, ते वरच्या अन्नमार्गातल्या ग्रंथींतून येतं. ठाणे खाडीवर दिसणारे फ्लेमिंगो इथे पिल्लं घालत नाहीत, तेव्हा तिथे हे पाहायला मिळणार नाही.

१६. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्या घरटी करतात, ती पोटातल्या रसाची असतात का?

लाळेची. जिभेखालच्या ग्रंथी विणीच्या काळात फुगतात आणि त्यांची चिकट लाळ सुकून घरटं होतं. जठराचा रस आम्ल आहे, त्याने घरटं बांधलं जाणार नाही. वेंगुर्ला रॉक्सवरच्या गुहांतली ही घरटी चोरून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. कुणी 'औषधी' म्हणून विकायला आणली तर घेऊ नका.

१७. पावसाळ्यात किनाऱ्यावर पडलेला समुद्रपक्षी उचलला तर त्याने वासाचं तेल ओकलं. विष का?

विष नाही, त्याची शिदोरी आहे. वादळी पाकोळी (प्रश्न १६ मधल्या पाकोळीशी नातं नसलेला समुद्रपक्षी) आणि तिच्या नात्यातल्या, चोचीवर नळी असलेल्या पक्ष्यांत ग्रंथिल जठर मोठं, पिशवीसारखं असतं. माशा-कोळंबीतली चरबी त्यात तेल होऊन साठते. दूर समुद्रातून पिल्लाकडे येईपर्यंत अन्न हलकं आणि सकस राहतं, आणि कुणी जवळ आलं तर तेच तेल अंगावर उडवता येतं. थकलेला पक्षी खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाला कळवा. परत समुद्रात भिरकावू नका.

हीच पिशवी त्यांच्या जिवावर उठली आहे. तरंगणारं प्लॅस्टिक खाद्य समजून गिळलं की पेठ्याकडची वाट अरुंद असल्याने ते ग्रंथिल जठरात साठत जातं. उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी तर याच नात्यातल्या, मेलेल्या फुल्मार पक्ष्यांच्या जठरातलं प्लॅस्टिक मोजून समुद्र किती घाण झाला ते ठरवायला सुरुवात केली. ०.१ ग्रॅमहून जास्त प्लॅस्टिक असलेले पक्षी शंभरात दहापेक्षा जास्त नसावेत, असं लक्ष्य त्यांनी ठेवलं आहे. गणपतीनंतर आपल्या पुळणीवर थर्माकोलचे जे मणी लाटेबरोबर येतात, ते मी मुलांना वेचायला लावते तेव्हा हे सांगते.

१८. तळ्यातली टिबुकली स्वतःचीच पिसं गिळते. वेड लागलं का तिला?

नाही, ती जठराला गाळणी लावते. टिबुकलीसारख्या मासे खाणाऱ्या पाणडुब्यांच्या पोटात पिसांचा बोळा असतो, आणि पेठ्यातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेवर तो काटे अडवतो. पिल्लांनाही आई पिसं भरवते. तिचा पेठा कोंबडीसारखा दळणारा नाही, मऊ आहे. मांस-मासे खाणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं असंच: ग्रंथिल जठर जोरात, पेठा पातळ.

१९. एकाच पक्ष्याचा पेठा लहान-मोठा होऊ शकतो का?

होतो. कठीण खाद्य मिळालं की स्नायू वाढतो, मऊ मिळालं की बारीक होतो. हिवाळ्यात आपल्या खाडीत चिखलावर चरणाऱ्या परदेशी पाणथळ पक्ष्यांच्या गोतावळ्यात हे टोकाला गेलेलं आहे. पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून न्यूझीलंडला न थांबता उडतो. निघण्याआधी त्याचा पेठा आणि आतडी आकसतात आणि ती जागा चरबी घेते. पोहोचल्यावर पेठा पुन्हा भरतो. म्हणून नुकत्याच उतरलेल्या थव्याला कुत्री, गाड्या, फोटोवाले यांनी उठवू नये. त्यांना खाऊन आधी पोट बांधायचं असतं.

२०. असं कधी होतं का, की अन्न पेठ्यात जातच नाही?

होतं, आणि हा प्रश्न मला हापूसच्या बागायतदारांनी विचारायला हवा, कारण त्यांचं नुकसान त्यातूनच होतं. कलमांवर बांडगूळ येतं. त्याची फळं अंगठ्याहून थोडाच मोठा असलेला फुलटोच्या हा पक्षी खातो. फुलटोच्यांत ग्रंथिल जठर आणि आतडं जवळजवळ एका सरळ रेषेत असतं आणि पेठा त्या वाटेला बाजूला लटकलेल्या छोट्या थैलीसारखा. किडा किंवा कोळी खाल्ला तर तो त्या थैलीत वळतो आणि चिरडला जातो. बांडगुळाचं फळ खाल्लं तर थैलीचं तोंड मिटलेलं राहतं. फळ सरळ पुढे जातं, गर सुटतो, बी शाबूत राहून काही मिनिटांत बाहेर येतं. आमच्या कोंबडीच्या पेठ्यात तेच बी गेलं असतं तर त्याचा भुगा झाला असता.

बाहेर आलेलं बी चिकट असतं, आणि ते सुटावं म्हणून पक्षी फांदीवर अंग घासतो. मार्चच्या सुमारास कलमाखाली उभं राहून वर पाहा. फांदीच्या सालीवर हिरवट बी चिकटलेलं असतं, कधी दोन बिया मिळून लाळेसारखा धागा खाली लोंबत असतो. दोन आठवड्यांनी जाऊन पाहिलंत तर त्यातून कोंब वाकून सालीला टेकलेला दिसतो. काढायचं तर तेव्हाच, बोटाने.